ब्रांकुशीच्या ‘अवकाशातील पक्ष्या’ची छायाचित्रे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉन्स्टंटिन ब्रांकुशी या शिल्पकाराने दोन महायुद्धांच्या दरम्यान आपल्याच शिल्पांची शेकडो छायाचित्रे काढली. त्यांतली पक्ष्याच्या शिल्पाची छायाचित्रे मराठी वाचकांना विशेष जवळची वाटावीत असे कारण आहे, ते म्हणजे त्या पक्ष्यांपैकी तीन पक्षी इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी विकत घेतले होते. या छायाचित्रांविषयी आणि त्यांतल्या शिल्पांविषयी जे प्रश्न नेहमी विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

ही छायाचित्रे कोणी, कुठे आणि कधी काढली?

ती स्वतः ब्रांकुशीने, पॅरिसमधल्या आपल्या स्टुडिओत काढलेली आहेत. ब्रांकुशीचा जन्म १८७६ साली रुमानियातील होबित्सा या खेड्यात झाला. क्रायोव्हा आणि बुखारेस्ट येथे शिक्षण घेऊन तो १९०४ मध्ये पॅरिसला पोहोचला आणि १९५७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. १९१६ पासून त्याचा मुक्काम आंपास रोंसें नावाच्या एका बोळात होता. छायाचित्रांत मागे दिसणाऱ्या पांढऱ्या भिंती, ओबडधोबड लाकडी ओंडके आणि दगडांचे ठोकळे हे सगळे त्या बोळातल्या स्टुडिओतले आहे. पक्ष्याची जी छायाचित्रे आज सर्वाधिक पाहिली जातात, ती १९२० ते १९४० या दोन दशकांतली आहेत.

हाताशी चांगले छायाचित्रकार असताना शिल्पकाराने हे काम स्वतःकडे का घेतले?

या प्रश्नाचे उत्तर समजले की बाकीच्या बऱ्याच शंका आपोआप फिटतात, म्हणून ते थोडे सविस्तर देत आहोत.

१९१४ मध्ये न्यूयॉर्कला आल्फ्रेड स्टिगलिट्झ या नामवंत छायाचित्रकाराच्या ‘२९१’ या कलादालनात ब्रांकुशीचे अमेरिकेतले पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. स्टिगलिट्झने ब्रांकुशीच्या एका संगमरवरी शिल्पाचे छायाचित्र काढून त्याला पाठवले होते. काही वर्षांनी, १९२०च्या दशकाच्या आरंभी, मॅन रे हा तरुण अमेरिकन छायाचित्रकार ब्रांकुशीला भेटायला गेला, तेव्हा ब्रांकुशीने त्याला ते दाखवले. मॅन रेने आपल्या आठवणींत म्हटले आहे की प्रकाशयोजना आणि दगडाचा पोत या दोन्ही दृष्टींनी ते छायाचित्र निर्दोष होते; मात्र ब्रांकुशीचे मत असे पडले की छायाचित्र सुंदर आहे, पण त्यात आपले काम दिसत नाही, आणि ते दाखवायचे असेल तर आपणच दाखवू शकू. त्याने मॅन रेकडे मदत मागितली. दोघे मिळून कॅमेरा आणि तिपाई घेऊन आले, मॅन रेने त्याला छायाचित्रे धुण्या-छापण्याची प्राथमिक माहिती दिली आणि ब्रांकुशीने स्टुडिओच्या एका कोपऱ्यात स्वतःच्या हातांनी डार्करूम बांधली. कॅमेरा त्याने त्याआधीही हाताळला होता, पण या कामाला शिस्त आली ती या भेटीनंतर.

ब्रांकुशीची शिल्पे वरवर साधी दिसतात. एक लांबट आकार, गुळगुळीत पृष्ठभाग, आणि बहुतेक वेळा एवढेच. अशा आकाराचे सगळे जीवन त्यावर पडणाऱ्या प्रकाशात असते. सकाळी खिडकीतून येणारे ऊन एका बाजूने पडले तर पक्षी वर झेपावतोय असे वाटते आणि ढगाळ दुपारी तोच पक्षी धातूची एक उंच कांब होऊन उभा राहतो. आपले शिल्प कोणत्या क्षणी बोलते हे त्याच्याबरोबर रोज राहणाऱ्या माणसाला ठाऊक होते. तासाभरासाठी आलेल्या पाहुण्या छायाचित्रकाराला, तो कितीही निष्णात असला तरी, ते कळणे अवघड होते. शिवाय व्यवहाराचाही भाग होता. न्यूयॉर्कचे वकील जॉन क्विन यांच्यासारखे संग्राहक समुद्रापलीकडे राहत आणि ब्रांकुशी त्यांना आपली छायाचित्रे पाठवीत असे. १९२१ मध्ये ‘लिटल रिव्ह्यू’ या नियतकालिकाने ब्रांकुशीवर एझरा पाउंड यांचा लेख छापला, तेव्हा सोबत त्याच्या शिल्पांची छायाचित्रेही दिली. ज्यांनी मूळ शिल्प कधी पाहिले नव्हते अशा बहुसंख्य लोकांसाठी छायाचित्र हेच शिल्प होते आणि ब्रांकुशीला याची पुरेपूर जाणीव होती.

छायाचित्र धूसर आहे, त्यावर ओरखडे आहेत आणि काही भाग उजेडाने पांढरा पडला आहे. प्रत खराब झाली आहे का?

बहुधा नाही. मॅन रेलाही पहिल्यांदा हाच प्रश्न पडला होता. ब्रांकुशीने स्वतः छापलेले प्रिंट त्याने पाहिले तेव्हा ते फोकसबाहेर गेलेले, कुठे जास्त तर कुठे कमी प्रकाश मिळालेले, ओरखड्यांचे आणि डागांचे होते. आणि आपले काम असेच दाखवले गेले पाहिजे, असे ब्रांकुशीचे म्हणणे होते. मॅन रेने पुढे हेही नोंदवले आहे की कदाचित त्याचेच बरोबर होते. त्यातल्या एका छायाचित्रात सोनेरी पक्ष्यावर उन्हाची तिरीप अशी काही पडली होती की त्याच्याभोवती प्रभा फाकली होती आणि सगळ्या शिल्पाला स्फोटासारखे रूप आले होते.

चकचकीत ब्राँझवर थेट ऊन पडले की त्या जागी निगेटिव्हवर इतका प्रकाश पोहोचतो की धातूची कड नाहीशी होते आणि उजेड आजूबाजूला पसरतो. व्यावसायिक छायाचित्रकार हे टाळतो, कारण वस्तूचा आकार स्पष्ट कळावा ही त्याची पहिली जबाबदारी असते. ब्रांकुशी नेमका हाच क्षण पकडतो. पक्ष्याच्या मधल्या फुगीर भागात कडच विरघळते, वरचे टोक आणि खालची निमुळती कंबर एवढेच ठाशीव राहते, आणि डोळ्यांना आपोआप वरच्या दिशेची ओढ जाणवते. मागच्या भिंतीवर पडलेली सावली हाही अशा छायाचित्रांचा एक घटक असतो. एकच शिल्प, पण प्रकाशात एक आणि सावलीत दुसरे, असे दोन पक्षी एकाच चौकटीत येतात. अशा प्रती संगणकावर ‘सुधारून’ ओरखडे पुसणे आणि उजेड आटोक्यात आणणे, हे आमच्या मते शिल्पकाराच्या निर्णयात ढवळाढवळ करणे आहे.

अर्थात प्रत्येक डाग हेतुपूर्वक असतो असे नाही. कागद पिवळा पडणे, कडांना चांदीसारखी चमक येणे, बुरशीचे ठिपके दिसणे ही वयाची आणि साठवणुकीची लक्षणे आहेत. ढोबळ खूण अशी की एकाच निगेटिव्हवरून केलेल्या वेगवेगळ्या प्रिंटमध्ये तोच दोष त्याच जागी दिसला, तर तो निगेटिव्हमधला समजावा. एकाच प्रतीत दिसला, तर त्या कागदाचा.

याला पक्षी का म्हणायचे? चोच, पंख, पाय यांपैकी काहीच दिसत नाही.

हा आकार एकाएकी आलेला नाही. १९१०च्या सुमारास ब्रांकुशीने ‘मायास्त्रा’ हे शिल्प केले. मायास्त्रा म्हणजे रुमानियन लोककथांतला जादूचा पक्षी. त्या शिल्पात फुगलेली छाती, मान आणि उघडी चोच ओळखू येते. १९१९च्या ‘सोनेरी पक्ष्या’त मान आणि धड एकजीव झाले. १९२३ मध्ये संगमरवरात पहिला ‘अवकाशातील पक्षी’ घडला तेव्हा उरले ते फक्त उड्डाण : तळाशी लहानसा पाया, त्यावर अरुंद कंबर, मग हळूहळू भरत जाणारे आणि पुन्हा निमुळते होणारे अंग, आणि टोकाला तिरका छेद. पुढची जवळपास वीस वर्षे तो याच आकाराकडे पुन्हा पुन्हा वळत राहिला आणि संगमरवर व ब्राँझ मिळून त्याने त्याची सोळाच्या आसपास रूपे केली. ही केवळ पुनरावृत्ती नव्हती, कारण प्रत्येक वेळी उंची, जाडी आणि कंबरेचे माप यांत फरक आहे.

आपल्याला पडतो तोच प्रश्न १९२६ मध्ये अमेरिकेच्या जकात खात्यालाही पडला होता. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी विकत घेतलेला ब्राँझचा पक्षी मार्सेल द्युशाँ यांच्या देखरेखीखाली न्यूयॉर्कला पोहोचला. कलाकृतीवर जकात नव्हती, पण अधिकाऱ्यांनी हे शिल्प मानायला नकार दिला आणि स्वयंपाकघरातल्या व दवाखान्यातल्या धातूच्या वस्तूंच्या वर्गात टाकून त्यावर ४० टक्के कर लावला. प्रकरण न्यायालयात गेले. जेकब एपस्टाइन यांच्यासारख्या शिल्पकारांच्या आणि समीक्षकांच्या साक्षी झाल्या. नोव्हेंबर १९२८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की निसर्गातल्या वस्तूशी साम्य नसले तरी ही कलाकृतीच आहे. ओतकामानंतर शिल्पकाराने कानस आणि बारीक एमरी वापरून स्वतःच्या हाताने झिलई केली होती, हा मुद्दाही या खटल्यात महत्त्वाचा ठरला.

नुसत्या छायाचित्रावरून पक्षी धातूचा की दगडाचा, हे ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते. झिलई केलेले ब्राँझ आरशासारखे वागते, त्यामुळे नीट पाहिल्यास त्यात खिडकीची उभी, वाकडी झालेली प्रतिमा किंवा शेजारच्या शिल्पाची गडद पट्टी सापडते. पांढरा संगमरवर प्रकाश थोडा आत मुरवून परत देतो, म्हणून त्याच्यावर ठळक चमक नसते आणि उजेडातून सावलीत जाणे मऊ असते. काळ्या संगमरवरावर एकच बारीक, तीक्ष्ण, उभी रेघ चमकते आणि बाकी अंग काळोखात राहते.

रंगांवरून मात्र निष्कर्ष काढू नये. त्या काळात निगेटिव्हसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या काचेच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटना लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे अशा प्लेटवर घेतलेल्या छायाचित्रात लाल पृष्ठभाग काळा आणि पिवळसर धातू प्रत्यक्षापेक्षा गडद उमटतो. ब्रांकुशीने पक्ष्यांच्या मागे लाल रंगाची पार्श्वभूमी वापरल्याचे त्याच्या स्टुडिओच्या आजच्या पुनर्रचनेतही दिसते, हे लक्षात ठेवणे उपयोगाचे आहे.

आजूबाजूला एवढा पसारा का दिसतो? शिल्प एकटे ठेवून छायाचित्र का घेतले नाही?

तो पसारा मांडलेला आहे. कोणते शिल्प कोणत्या बैठकीवर ठेवायचे, त्याच्या शेजारी काय असावे आणि दोहोंत किती अंतर असावे, याचा ब्रांकुशी सतत विचार करी, मांडणी बदलून पाही आणि प्रत्येक मांडणीचे छायाचित्र घेई. लाकडाची खडबडीत बैठक, त्यावर दगडाचे वर्तुळाकार किंवा फुलीच्या आकाराचे ठोकळे आणि सगळ्यात वर गुळगुळीत पक्षी, ही चढण त्याच्या दृष्टीने शिल्पाचाच भाग होती. म्हणून पुस्तकात किंवा पडद्यावर छायाचित्र छापताना बैठक कापून टाकणे ही मोठी चूक ठरते. दुर्दैवाने ती फार वेळा केली जाते.

इंदूरचा या पक्ष्याशी काय संबंध आहे?

यशवंतराव होळकर दुसरे यांचा जन्म १९०८ चा. वडील तुकोजीराव तिसरे यांनी १९२६ मध्ये पदत्याग केल्यावर ते गादीवर आले आणि १९३० मध्ये त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. त्यांच्या पत्नी महाराणी संयोगितादेवी या कागलच्या धाकट्या पातीच्या घाटगे घराण्यातल्या. ऑक्सफर्डला शिकत असताना आणि नंतरच्या युरोपच्या वाऱ्यांत महाराजांचा नव्या कलेशी निकटचा परिचय झाला. बर्लिनचा तरुण वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस याने त्यांच्यासाठी इंदूरला १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला माणिकबाग हा राजवाडा आधुनिक पद्धतीने उभारला. त्यात रूलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्बुझिए आणि शार्लोत पेरियां यांच्या रचनांचे सामान होते. ज्या मॅन रेने ब्रांकुशीला छायाचित्रकलेची वाट दाखवली, त्यानेच महाराज आणि महाराणी यांचीही छायाचित्रे काढली आहेत.

ब्रांकुशीशी महाराजांची गाठ घालून दिली ती त्याचा फ्रेंच मित्र आंरी-पिएर रोशे याने. १९३३ मध्ये महाराजांनी ब्राँझचा पक्षी घेतला आणि पुढे पांढऱ्या व काळ्या संगमरवरातले आणखी दोन. या तिघांसाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधावे, अशी कल्पना त्यांतून निघाली. ब्रांकुशीच्या मनातल्या आराखड्यात खिडक्या नसलेले एक दालन होते, आत शिरायला भुयारी वाट होती, मध्ये पाणी होते, पाण्याच्या कडेने तीन पक्षी होते, आणि छतात एक झरोका होता, ज्यातून ठरावीक वेळी सूर्यकिरण सोनेरी पक्ष्यावर उतरणार होता. आपल्याकडे कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाही. आणि स्टुडिओतल्या छायाचित्रांकडे या माहितीनंतर पुन्हा पाहिले तर ध्यानात येते की उन्हाच्या तिरीपीत उजळून निघालेला पक्षी ब्रांकुशी कॅमेऱ्यासमोर कितीतरी वर्षे आधीपासून पाहत होता. मंदिराच्या दालनात तो जे घडवू पाहत होता, त्याची तालीम या छायाचित्रांत झालेली आहे असे आम्हांला वाटते.

मग ते मंदिर झाले का?

नाही. महाराणी संयोगितादेवींचे १९३७ मध्ये निधन झाले. जानेवारी १९३८ मध्ये ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन गेला, पण काम पुढे सरकले नाही आणि तो परतला. त्याच सुमारास रुमानियात तिर्गू-जिऊ येथे त्याचा ‘अनंत स्तंभ’ आणि त्यासोबतची शिल्पे मात्र उभी राहिली. जुलै २०२४ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत त्या शिल्पसमूहाला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

इंदूरच्या मंदिराशी जोडले गेलेले आणखी एक शिल्प आहे : ‘राजांचा राजा’ हे ओकच्या लाकडातले, सुमारे ३ मीटर उंचीचे शिल्प, ज्याला ब्रांकुशी ‘बुद्धाचा आत्मा’ असे नाव देणार होता. ते न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. त्याचेही ब्रांकुशीच्या स्टुडिओतले रूप छायाचित्रांतून पाहता येते.

होळकरांचे तीन पक्षी आज कुठे आहेत?

काळ्या आणि पांढऱ्या संगमरवराचे दोन्ही पक्षी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयाने १९७०च्या दशकात घेतले. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. माणिकबागेतले बरेचसे मौल्यवान सामान १९८० मध्ये लिलावात विकले गेले आणि त्या वास्तूत आता केंद्र सरकारच्या वस्तू व सेवाकर आणि उत्पादनशुल्क विभागाचे कार्यालय आहे.

मूळ छायाचित्रे पाहायची असतील तर?

ब्रांकुशीने १९५६ मध्ये मृत्युपत्राने आपला सगळा स्टुडिओ फ्रेंच सरकारला दिला, तो जसा आहे तसा जपावा या अटीवर. त्यात १३७ शिल्पे, ८७ बैठका आणि काचेच्या प्लेट व मूळ प्रिंट मिळून १,६०० हून अधिक छायाचित्रे होती. हा संग्रह पॅरिसच्या पोंपिदू केंद्राकडे आहे. केंद्राशेजारी रेंझो पियानो यांनी १९९७ मध्ये स्टुडिओची पुनर्रचना केली, पण पोंपिदू केंद्राची मुख्य इमारत सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या नूतनीकरणासाठी बंद असल्यामुळे प्रवास ठरवण्यापूर्वी चौकशी करावी. संग्रहातील अनेक छायाचित्रे केंद्राच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

जुन्या पुस्तकात किंवा घरच्या संग्रहात असे छायाचित्र सापडले, तर ते मूळ प्रिंट असेल का?

आधी भिंग घेऊन पाहावे. चित्र बारीक ठिपक्यांच्या जाळीने बनलेले दिसले तर ते छापखान्यातले आहे. जाळी नसेल आणि करड्या छटा सलग असतील, तर तो प्रकाशसंवेदी कागदावर केलेला प्रिंट असू शकतो. मग मागची बाजू पाहावी : शिक्का, पेन्सिलीची नोंद, प्रकाशकाचे नाव, कागदाचा प्रकार. त्या काळी नियतकालिकांना आणि कलादालनांना वाटण्यासाठी अनेक प्रती निघत, त्यामुळे जुना प्रिंट म्हणजे शिल्पकाराने स्वतः डार्करूममध्ये केलेला प्रिंट, असे धरून चालू नये. असा कागद लॅमिनेट करू नये, मागे गोंद किंवा चिकटपट्टी लावू नये, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवावा आणि कडांना धरूनच हाताळावा. दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पावसाळ्याचे चार महिने लोखंडी कपाटाच्या तळापेक्षा घराच्या आतल्या भिंतीकडचा वरचा, हवा खेळती राहणारा कप्पा बरा.

लेखात किंवा संकेतस्थळावर हे छायाचित्र वापरता येईल का?

भारतीय कायद्यानुसार निर्मात्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. ब्रांकुशीचे निधन १९५७ मध्ये झाल्यामुळे, त्याने स्वतः काढलेल्या छायाचित्रांच्या बाबतीत भारतातली ही मुदत २०१७ च्या अखेरीस संपली. फ्रान्ससह बहुतेक युरोपीय देशांत ती ७० वर्षांची आहे आणि २०२७ च्या अखेरीपर्यंत चालेल. मॅन रेने किंवा अन्य कोणी काढलेल्या छायाचित्रांना हा हिशेब लागू होत नाही, कारण तिथे त्या छायाचित्रकाराच्या मृत्यूचे वर्ष मोजावे लागते. मॅन रेच्या बाबतीत ते १९७६ आहे. संग्रहालयाकडून मोठ्या आकाराची प्रतिमा घेतल्यास त्यांच्या अटी वेगळ्याने पाळाव्या लागतात. आणि श्रेय देताना शिल्पकार व छायाचित्रकार अशा दोन्ही जागी ब्रांकुशीचेच नाव लिहावे. ‘छायाचित्रकार अज्ञात’ असे लिहिलेले जेव्हा दिसते, तेव्हा ते दुरुस्त करून घेण्यासाठी संबंधितांना अवश्य कळवावे.